साठची गाडी, बहात्तरचा चार्जर

(क्यूबातलं सिएनफुएगोस शहर. झोइलाच्या घराचा रस्त्याकडचा ओटा. सकाळचे साडेदहा वाजलेत, वीज गेलेली आहे.)

झोइला: हात काढ. अरे, हात काढ म्हणते ना! बॅटरी आहे ती, पावाचा डबा नाही उघडून बघायला.

रेमिहिओ: काढला, काढला. मी नुसता बोल्ट सैल करत होतो. तेवढाच तुझा वेळ वाचेल.

झोइला: माझा वेळ वाचवणाऱ्यांनीच माझं अर्धं आयुष्य खाल्लंय. बाजूला हो. आणि रांगेचं काय? बाहेर चार स्कूटरी उभ्या आहेत, त्या काय शोभेला?

रेमिहिओ: चौघांनाही विचारलं मी. अगदी रीतसर. आधी 'शेवटचा कोण' म्हणून नंबर धरला, मग सांगितलं की माझ्या तिचाकीत बाई बसल्यात, एक वाजता त्यांना हॉस्पिटलात किडनीच्या यंत्रावर जायचंय. चौघांनी बाईंच्या पायांकडं बघितलं आणि म्हणाले, जा पुढं. समोरच्या चढावरून गाडी ढकलत पण त्यांनीच आणली.

झोइला: बाई म्हणजे या?

ओदालिस: होय, मीच. ओदालिस. या शहराला सव्वीस वर्षं भूगोल शिकवलाय मी. आणि रेमिहिओ, माझ्या पायांबद्दल जरा हळू बोल. सुजले असले तरी माझेच आहेत.

झोइला: या बाई, खाली उतरून त्या झुलत्या खुर्चीत बसा. कॉफी घेणार?

ओदालिस: अर्धा घोट. मला पाणी मोजून प्यावं लागतं.

झोइला: मग योग्य घरी आलात. इथं कॉफी अर्धा घोटच मिळते. हं, रेमिहिओ, बोल. काय झालं?

रेमिहिओ: काही नाही गं. चांगली चालली होती. बाजाराचा चढ लागला, आणि चढाच्या मध्यावर एकदम गपगार. दिवा नाही, हॉर्न नाही, काही नाही. मेली.

झोइला: चांगली चालली होती आणि मेली. माझ्या नवऱ्याबद्दलही लोक असंच सांगत होते. मधलं काय ते सांग.

रेमिहिओ: मधलं काहीच नाही. एल कोब्रेच्या देवळातल्या माउलीची शपथ.

झोइला: माउलीला मध्ये आणू नकोस, तिला चार्जिंगमधलं कळत नाही. हे झाकण धर. सरळ धर!

ओदालिस: रेमिहिओ, मी काय म्हणते, एवढी धावाधाव कशाला? गाडी तिच्याकडे राहू दे. मला कुणाच्या तरी हाताला धरून घरी सोड. आजचं राहिलं तर राहिलं.

रेमिहिओ: बाई, असं बोलू नका.

ओदालिस: का नको? चार वर्षं झाली. आठवड्यातून तीनदा चार-चार तास त्या खुर्चीत हात पसरून बसायचं. मला कंटाळा आलाय. नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात बसवून ठेवतात ना, तसं वाटतं मला. आज गाडीनंच नाही म्हटलं, तर आपण का हट्ट धरायचा?

रेमिहिओ: बुधवारी पोट बिघडलं म्हणून गेला नाहीत.

ओदालिस: बुधवारी पोट बिघडलं नव्हतं. बुधवारी मी दार लावून घरात बसले आणि आंबा खाल्ला.

रेमिहिओ: अहो बाई!

झोइला: अख्खा?

ओदालिस: अख्खा. कोय चोखून.

झोइला: मग आज जायलाच हवं तुम्हाला. किडनी बंद असली की आंब्यातले क्षार रक्तात साठतात आणि काय होतं ते मला माहीत आहे, माझा दीर त्याच यंत्रावर होता. रेमिहिओ, एक तर तू झाकण धर, नाही तर रड. दोन्ही एकदम करू नकोस.

रेमिहिओ: झोइला, तुला सरळ सांगतो. दुसरी सोय नाही. गाडीवाल्यांकडं पेट्रोल नाही, हॉस्पिटलची गाडी आज दुसऱ्या गावाला गेलीय, आणि घोडागाडीनं नेलं तर त्या पोचेपर्यंत त्यांचं यंत्र दुसऱ्याला देतील. सलग दोनदा चुकलं तर काय होतं ते डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलंय. आता सगळं तुझ्या हातात आहे.

झोइला: माझ्या हातात सध्या तुझा स्क्रू आहे. आता जरा बघू दे.

ओदालिस: भिंतीवर हे काय काढलंय? नकाशे आहेत का?

रेमिहिओ: नकाशेच समजा. त्यातल्या प्रत्येक चित्रामागं एक गाडी आहे. हिच्याकडं पहिली चिनी स्कूटर आली तेव्हा सोबत एक पुस्तक होतं, सगळं चिनी भाषेत. दुसरा कुणी असता तर परत पाठवली असती. हिनं अख्खी स्कूटर उघडली, एकेका वायरीचा माग काढत पेन्सिलीनं भिंतीवर उतरवली, आणि तिसऱ्या दिवशी मालक त्याच स्कूटरवरून शिट्टी वाजवत घरी गेला! तेव्हापासून जी जी नवी गाडी येते, तिचं चित्र भिंतीवर चढतं.

झोइला: भिंत संपत आलीय. आता छताला हात घालायला लागेल.

ओदालिस: हे शिकलात कुठं?

झोइला: साखर कारखान्यात. बावीस वर्षं मोटरी सांभाळल्या. एवढ्या मोठ्या, की आत माणूस उभा राहील. हंगामात एक मोटर थांबली की ऊस आंबतो, म्हणून नुसत्या आवाजावरून ओळखायला शिकले की कोण आजारी पडणार आहे. मग एक दिवस कारखानाच बंद केला. बाकीचे रडले. मीही रडले, पण येताना हत्यारांची पेटी घेऊन आले. रेमिहिओ, काल चार्जिंग कुठं केलंस?

रेमिहिओ: घरी. आणखी कुठं करणार?

झोइला: कधी?

रेमिहिओ: रात्रभर.

झोइला: तुझं घर विजेच्या कुठल्या सर्किटवर आहे?

रेमिहिओ: चारवर. का?

झोइला: माझी बहीण पण चारवर आहे. काल दुपारी तीनला तिची वीज गेली ती आज सकाळी आठला आली. सकाळची कॉफी बिचारीनं कोळशावर केली, आणि माझ्याकडं येऊन तासभर शिव्या दिल्या. तू काय काजव्यांवर चार्ज केलीस?

रेमिहिओ: ते… मध्ये थोडा वेळ आली असेल.

झोइला: रेमिहिओ, या शहरात नवऱ्याचं लफडं लपतं, पण कुठल्या सर्किटला कधी वीज होती ते लपत नाही. हे बघ. बॅटरीच्या डोक्यावर ही हिरवी पाटी आहे ना, ही राखणदार. आत वीस सेल आहेत, विटांसारखे रचलेले. कुणाच्या तोंडात जास्त कोंबलं जातंय असं दिसलं की राखणदार दार लावतो. हा बघ काळा डाग. बिचाऱ्यानं दार लावलं आणि दाराला टेकून जळाला. ही गाडी साठ व्होल्टची आहे. हिला कुणीतरी बहात्तरचा चार्जर लावलाय. अर्धमेल्या राखणदारानं इथवर कसंबसं आणलं, पण चढावर ओझं पडलं आणि गेला. आता सांग, कुणी लावला?

रेमिहिओ: मी.

झोइला: तू? सात वर्षं ही गाडी चालवतोस. झाकणावर तांबड्या रंगानं '६०' मीच लिहून दिलंय.

रेमिहिओ: अंधारात दिसलं नाही. चूक माझीच. हवं तेवढं बोल मला, पण गाडी चालू कर.

ओदालिस: रेमिहिओ.

रेमिहिओ: बाई, तुम्ही कॉफी घ्या ना.

ओदालिस: तू खोटं बोलतोयस. वर्गातही खोटं बोलताना तू असाच कान चोळायचास. झोइला, गाडी रात्री माझ्या अंगणात असते. माझी गल्ली हॉस्पिटलच्या लाइनवर आहे, तिथं वीज जात नाही. काल हा चार्जर आणायला विसरला. सकाळी पाचला उठून बघते तर गाडी तशीच उभी. मला वाटलं, बिचाऱ्याला झोपू द्यावं. माझा भाचा परदेशी गेला, त्याच्या स्कूटरचा चार्जर कपाटात पडून होता. प्लगचं तोंड बसलं, दिवा लागला, म्हणून मी लावला.

रेमिहिओ: मी सातला आलो, बघितलं, काढला आणि माझा लावला. त्यांना काही बोललो नाही. झोइला, आता तूही बोलू नकोस. आजारी आहेत त्या.

झोइला: आजारी किडनी आहे, कान नाहीत. बाई, इकडं बघा.

ओदालिस: बघते.

झोइला: तोंड बसलं म्हणून लावला? सव्वीस वर्षं पोरांना शिकवलंत आणि एवढं कळलं नाही, की दोन्ही डब्यांवर आकडे लिहिलेत ते वाचायला लिहिलेत? एकावर साठ, दुसऱ्यावर बहात्तर! चष्मा कपाळावर ठेवला होता का? घर जळलं असतं तुमचं! या विटा एकदा पेटल्या की पाण्याला जुमानत नाहीत. तुम्ही आत झोपलेल्या, अंगणात ही, आणि शेजारी गॅसची टाकी. आणि हा गाढव उद्या तुमच्या मातीला येऊन सांगणार, चूक माझीच.

रेमिहिओ: बस्स झालं, झोइला!

झोइला: झालं नाही अजून. माहीत नव्हतं तर विचारायचं होतं. याला उठवायचं होतं. झोपू द्यावं म्हणे! याची झोप वाचवायला बॅटरी जाळली! असल्या दयेपेक्षा तुम्ही शिव्या दिलेल्या परवडल्या.

रेमिहिओ: बाई, रडू नका. ती तशीच आहे, तोंडाची फटकळ, पण मनानं—

ओदालिस: रडतंय कोण? मी हसतेय, वेड्या.

झोइला: हसण्यासारखं काय आहे त्यात?

ओदालिस: चार वर्षांत मला कुणी रागावलं नव्हतं. लेक फोनवर नुसती रडते. नर्स मला 'राणी' म्हणते. शेजारीण वाटी घेऊन येते आणि दारातच आवाज बारीक करते. हा तर मला अंड्यासारखा धरून नेतो, खड्डा दिसला की उतरून पायानं चाचपतो. कुणी मला म्हणतच नाही, की ओदालिस, तू गाढवपणा केलास. माझी चूक झाली होती, झोइला. चूक करण्याइतकी मी अजून शिल्लक आहे, हे मी विसरूनच गेले होते.

झोइला: शिल्लक आहात तर बसून काय राहिलात? या इकडं. चष्मा लावा. माझे डोळे आता जवळचं वाचत नाहीत, आणि या गाढवाला दशांश कळत नाहीत.

रेमिहिओ: कळतात.

ओदालिस: नाही कळत. मला माहीत आहे.

झोइला: हा मीटर घ्या. मी तारा टेकवते, तुम्ही आकडा मोठ्यानं वाचा आणि खडूनं त्या सेलवर लिहा. दोन्ही टोकांना एकदम हात लावायचा नाही. कुठल्या सेलपासून सुरू करायचं ते मी सांगीन. एक.

ओदालिस: तीन पूर्णांक तेहतीस.

झोइला: दोन.

ओदालिस: तीन पूर्णांक बत्तीस. तीनही तेवढाच. चार, तेहतीस. पाच, तेहतीस. सहा, एकतीस.

रेमिहिओ: काय अक्षर आहे बघ! छापल्यासारखं.

झोइला: सात.

ओदालिस: सात… शून्य पूर्णांक नऊ. आणि याचं पोट फुगलंय.

झोइला: हा गेला. याच्या वाट्याला सगळ्यात जास्त आलं. रेमिहिओ, ती वाळूची बादली आण. हळू. हा बाहेर काढते, वाळूत ठेव, उन्हापासून लांब. आदळू नकोस, फुगलेल्या माणसाचा आणि फुगलेल्या सेलचा भरवसा नसतो. पुढं चला.

ओदालिस: आठ, तेहतीस. नऊ, बत्तीस…

रेमिहिओ: अकरा वाजून गेले गं.

झोइला: घड्याळ माझ्याकडंही आहे.

ओदालिस: …एकोणीस, तेहतीस. वीस, बत्तीस. म्हणजे एकच खराब निघाला. बाकी एकोणीस चांगले.

झोइला: असं आकडे सांगतात. आता काम करून दाखवू दे त्यांना. रेमिहिओ, ती जुन्या शेगडीची कॉइल दे. बाई, आता एकेकाला ही कॉइल लावते. ओझं पडल्यावर आकडा कुठं जातो ते बघा.

ओदालिस: एक, पंचवीसवर थांबला. दोन, चोवीस. ठीक आहे… चौदा… तीसवर, वीसवर, अरे, हा खालीच चाललाय! दोन पूर्णांक सहा. दोन पूर्णांक दोन. पण मघाशी तर यानं एकतीस दाखवलं होतं!

झोइला: ओझं नसताना सगळेच ताठ उभे राहतात. चढावर हा बसला असता, आणि मग तुम्ही दोघं परत रस्त्यात. याला फुली मारा.

ओदालिस: हे मला आयुष्यात सुचलं नसतं! शेगडीच्या तारेवर!

रेमिहिओ: तरी सांगत होतो. दुकानात नेली असती तर झाकण न उघडताच म्हणाले असते, अख्खी बॅटरी नवीन घ्या. हिनं दोन काढले आणि अठरा वाचवले.

ओदालिस: मला काय वाटतं सांगू, झोइला? माणसाचंही असंच असतं. सगळं टाकून द्यायचं नसतं, जे—

झोइला: बाई, हा डबा आहे. डब्यातून धडे काढू नका, अजून सोल्डरिंग बाकी आहे. फडताळात खालच्या खणात मार्सियालच्या गाडीच्या विटा आहेत. गाडी ट्रकखाली गेली, मार्सियाल आणि सहा विटा वाचल्या. राखणदार पण तिचाच. मी त्यांना दर आठवड्याला थोडी वीज चाखायला घालते, त्यामुळं पातळीवर आहेत. दोन विटा आणि तो राखणदार आण.

रेमिहिओ: पण वीज नाही. सोल्डरिंग कशावर करणार?

झोइला: रांगेतल्या त्या हिरव्या स्कूटरवाल्याला विचार. त्याची बॅटरी ठणठणीत आहे, फक्त ब्रेक वाजतो. त्यावर माझं सोल्डरिंग आयर्न चालतं, बारा व्होल्टचंच बनवून घेतलंय मी. वीज कधी येईल त्याची वाट बघत बसले असते तर मीच विझले असते.

रेमिहिओ: विचारलं, हो म्हणाला. वायर इकडं दिलीय. आणि म्हणतो, बाईंना सांग माझी पोरगी त्यांच्याकडं शिकली, नाव दानेइसी.

ओदालिस: दानेइसी! ती नकाशात नद्या उलट्या वाहवायची. अजूनही तशीच आहे का विचार.

झोइला: गप्पा पुरेत. आता एकवीस बारीक वायरी आहेत, आणि एकही चुकली तर नवा राखणदारही जुन्याच्या मागून जाईल. बाई, तुम्ही क्रम मोठ्यानं म्हणा, मी जोडत जाते. म्हणा.

ओदालिस: काळी, शून्य. पांढरी, एक. दुसरी पांढरी, दोन. थांब, तुझा हात तिसरीवर आहे.

झोइला: तिसरीवर नाही.

ओदालिस: तिसरीवर आहे. मोज.

झोइला: …आहे. बरोबर आहे तुमचं. माझी चूक.

रेमिहिओ: एल कोब्रेच्या माउली! झोइला 'माझी चूक' म्हणाली. बाहेरच्यांनो, ऐकलंत का?

झोइला: तू तोंड बंद कर, नाही तर ते पण सोल्डर करते. पुढं, बाई.

ओदालिस: तीन. चार. पाच.

झोइला: पुढं.

ओदालिस: …एकोणीस. वीस, तांबडी, शेवटची. झालं.

झोइला: झालं म्हणू नका. नट आवळल्याशिवाय काही झालेलं नसतं. रेमिहिओ, झाकण. किल्ली फिरव. हळू.

रेमिहिओ: दिवा! दिवा लागला! हॉर्न… ऐकलंस? अगं, तू माणूस आहेस की कोण आहेस? ये, तुझा हात दे, मुका घेतो.

झोइला: हाताला सोल्डरिंगचा फ्लक्स लागलाय, ओठ जळतील. नीट ऐक. आज चढावर गाडी पिळायची नाही. साठचाच चार्जर, आणि तो गाडीतच बांधून ठेवायचा, दोरीनं. नवे दोन आणि जुने अठरा अजून एकमेकांना ओळखत नाहीत, चार-पाच दिवसांनी परत सगळे मोजायला लागतील. मंगळवारी आण. आणि आकडे वाचायला बाईंना घेऊन ये.

ओदालिस: मला?

झोइला: मग कुणाला? याला? माझ्याकडं रांगेत रोज सहा बॅटऱ्या येतात. वाचणारं आणि लिहिणारं माणूस मला वर्षभर मिळालेलं नाही. नऊ वाजता या. उशीर केलात तर रागावेन.

ओदालिस: रागावशील ना? नक्की?

झोइला: तुम्ही उशीर करूनच बघा.

रेमिहिओ: बाई, हात द्या. हळू चढा. पाऊल इथं ठेवा. टेकलात? मग… आता कुठं नेऊ? तुम्ही मघाशी घरी म्हणत होतात, आणि मी काही जबरदस्ती नाही करणार. बारा वाजलेत. हॉस्पिटल इथून पंचवीस मिनिटं, हळू गेलो तर अर्धा तास. खड्डे बघून, सांभाळून…

ओदालिस: खड्डे चुकवत बसू नकोस. एकच्या आत यंत्रावर पोचव मला.